गावाच्या आतला प्रश्न

बा, मी सध्या राहते ते गाव तुला आवडलं नसतं. आयर्लंडमधलं लहानसं गाव, एकच रस्ता, आणि त्यावरचा प्रत्येक माणूस दुसऱ्याचा आजा कोण होता ते सांगू शकतो. इथल्या दुधाच्या कारखान्यात तपासणीचं काम शिकायला सरकारनं मला पाठवलं आहे. लोणी किती निघेल, दूध कशानं नासलं, हे मी काचेच्या नळीत बघून सांगते, आणि त्यात माझी सहसा चूक होत नाही. कामाची भीती वाटत नव्हती. भीती सुरू झाली ती घरमालकीणबाई आनंदानं सांगत आल्या तेव्हा. जवळच्या शहरातल्या दवाखान्यात माझ्याच भाषेचा एक डॉक्टर आहे, त्याला रविवारी चहाला बोलावलंय. शनिवारी एकच नमुना मी पुन्हा पुन्हा तपासला.

बाईंना वाटलं, मला घरची आठवण येते. मला आठवली ती मेहकरहून सुटलेली एसटी. तू मला बुलढाण्याच्या वसतिगृहात सोडायला निघाला आहेस. शेजारी बसलेली एक बाई गोड बोलते, गाव विचारते, मग गावात कुठं ते विचारते, आणि मी आपल्या वस्तीचं नाव सांगून टाकते.  ती आमच्या मध्ये ठेवलेला स्वतःचा जेवणाचा डबा उचलून मांडीवर घेते. खाली उतरल्यावर तू माझा दंड धरलास. "काऊन सांगतलं वं तू? गाव इचारलं तं गाव सांग. त्याच्या आत कोणाले येऊ देऊ नोको." दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव स्वतःच्या हातानं बाहेर काढणारा तू, आणि त्या दिवशी तोच हात वसतिगृहाच्या दारापर्यंत माझा दंड सोडत नव्हता. पुढं मी मॅट्रिक झाले तेव्हा तू नव्हतास. तुझं तेवढं एक वाक्य मी काटेकोर पाळलं.

रविवारी डॉक्टर आला. पुण्याचा, तरुण, खरोखर आनंदलेला. "किती महिन्यांनी मराठी बोलतोय! कुठल्या तुम्ही?"

"बुलढाणा जिल्हा."

"अरे वा! माझे मामा मेहकरला तहसीलदार होते. सुट्टीत जायचो आम्ही. कुठलं गाव?"

"डोणगाव."

"म्हणजे अगदी जवळ! डोणगावात कुठं?"

आपलं आडनाव गावच्या पाटलांचंही आहे, त्यावरून त्याला काही ठरवता येत नव्हतं. मी बशीवर चमचा नीट ठेवला. तो वाजला. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"गावात घर कुठं, ते विचारतोय."

बाई मोठ्यानं हसल्या. "म्हणजे आमच्यासारखंच! आम्ही विचारतो, शाळा कुठली? शाळा कळली की चर्च कळतं, कॅथलिक की प्रोटेस्टंट, आणि चर्च कळलं की त्या घरात पोरगी द्यायची का नाही तेही!"

डॉक्टरही हसला, पण जरा उशिरा. प्रश्न कशाचा आहे ते बाईंनी उघड बोलून टाकलं होतं. आता गप्प बसणं हेही उत्तरच झालं असतं.

"गावाबाहेर," मी म्हणाले. "बौद्धांच्या वस्तीत."

नळीतली रेघ बघावी तशी मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्यानं चहाचा घोट घेतला, केकचा आणखी एक तुकडा घेतला आणि अगदी मनापासून म्हणाला, "अच्छा? वाटत नाही हो अजिबात. किती शुद्ध बोलता तुम्ही!"

बाईंनी विचारलं, आता काय म्हणाला? मी सांगितलं, माझं कौतुक केलं.

तो पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे. आईला पत्रात मी लिहिलं आहे, आपल्याकडचा एक चांगला डॉक्टर भेटला. ते उद्या पोस्टात टाकीन. हे तुझं मात्र टाकायचं नाही. बा, तो तसं म्हणाला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. आणि नंतर तो जाईपर्यंत, तुझ्या बोलीतला एखादा शब्द तोंडून निसटू नये म्हणून मी फार जपून बोलत राहिले.