‘नाक्यावरची रणरागिणी २’ : गुरूच्या भूमिकेत महाडकर सर

३ सप्टेंबर, बुधवार
निर्णय झाला. माझ्या सिनेमाचा भाग दोन काढायचाच. भाग एक सात मिनिटांचा, भावाच्या म्हणजे कुलदीपच्या मोबाईलवर काढलेला. ४१२ व्ह्यूज. त्यातले साठ माझे धरले तरी साडेतीनशे उरतात. आमच्या बंजारा तांड्यावर तेवढी माणसंच नाहीत. म्हणजे बाहेर मागणी आहे.
कमी होती ती फक्त मोठ्या नावाची. म्हणून गुरूच्या भूमिकेत रणजित महाडकर सर. वीस वर्षं पडद्यावर लाथा मारल्या, आता टीव्हीवर परीक्षक आहेत. वय अठ्ठावन्न. गुरूला अगदी बरोबर. कास्टिंग नव्वद टक्के पूर्ण. फक्त त्यांचा होकार बाकी.
हे सगळं माझ्या कराटे क्लाससाठी आहे, हे कोणी समजून घेत नाही. तांड्याचे नायक म्हणजे प्रमुख भीमसिंग, त्यांनी समाजमंदिराचा हॉल दिलाय, पण अट घातलीय. दसऱ्यापर्यंत दहा पोरी टिकल्या तर हॉल क्लासचा, नाहीतर सोयाबीनच्या पोत्यांचा. सध्या अकरा आहेत. सर आले की पन्नास होतील.

५ सप्टेंबर, शुक्रवार
पटकथा ३८ पाने. क्लास घेता आला नाही. नववीतल्या शितलला सांगितलं, पोरींना पळायला लाव. सरांना इन्स्टावर चार मेसेज टाकले. अजून बघितले नाहीत. मोठी माणसं सावकाश वाचतात.

९ सप्टेंबर, मंगळवार
नऊ पोरी आल्या. आई म्हणाली, "लेकरं येऊन बसून राहिले अन् तू कागद काळे करून राहिली. काहून?" मी तिला व्हिजन समजावली. तिने सगळं ऐकून विचारलं, तो माणूस तांड्यावर आला तर जेवायला काय करायचं? घरात पहिली ग्रॅज्युएट असण्याची तकलीफ ही आहे. बोलायचं कोणाशी?
उद्यापासून क्लास मीच घेणार. नक्की.

१३ सप्टेंबर, शनिवार
पटकथा ५२ पाने. (क्लास सोमवारपासून.)
बातमी! सर चोवीस तारखेला हिंगोलीत येणार आहेत, साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला. कुलदीप म्हणाला, "फीत कापंल अन् जाईल. तुला पाहायला येऊन राहिला का तो?" याला भाग एकमध्ये व्हिलन केलं तेच बराबर होतं.
माझ्याकडे योजना आहे. आमच्यात सोयरीक जमली की नायकासमोर गूळ खातात. एकदा गूळ खाल्ला की शब्द पक्का, मग कोणी माघारी फिरत नाही. कागद नको, सही नको. सरांना नायकांसमोर गूळ खायला द्यायचा. झालं.
नायकांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, सिनेमा करून राहिली का सोयरीक?" पण सरांबरोबर फोटो मिळणार म्हटल्यावर तयार झाले.

२४ सप्टेंबर, बुधवार, संध्या. ६
यश!!
गर्दी प्रचंड. पण नायकांचं पागोटं बघून गार्डला वाटलं हे पाहुण्यांपैकीच, त्याने वाट करून दिली. मी पळसाच्या पानावर गूळ पुढे केला आणि सगळं एका दमात सांगितलं: रणरागिणी, भाग दोन, गुरू, तीस तारीख, सकाळी आठ. डीजे चालू होता, पण माझा आवाज खणखणीत आहे. सरांनी गूळ खाल्ला. "वा, गावाकडचा गूळ!" म्हणाले आणि आणखी एक खडा मागून घेतला. म्हणजे भाग तीनलाही तयार आहेत.
पटकथा सरांच्या मॅनेजरकडे दिली. त्याने ती साड्यांच्या पिशवीत जपून ठेवली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
नायकांनी तांडाभर सांगितलं. कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यावरही चर्चा आहे. क्लासला सात पोरी. बाकीच्या म्हणतात, एकदम शूटिंगलाच येतो. उत्साह आहे, हे महत्त्वाचं. मी बॅनरच्या कामात.

२८ सप्टेंबर, रविवार
पंधराव्या वेळी मॅनेजरने फोन उचलला. विचारलं, कोणता सिनेमा? मी गुळाची आठवण दिली. तो म्हणाला, "मॅडम, सर दिवसाला वीस ठिकाणी पेढा खातात. सगळ्यांच्या सिनेमात काम करायचं का?" आणि फोन कट. नंतर लागेचना.
पेढा वेगळा, गूळ वेगळा. मुंबईच्या माणसाला काय कळणार! सरांना स्वतःला नक्की आठवत असेल. नायकांना सांगितलं, रेंजचा प्रॉब्लेम आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार, स. ८
अख्खा तांडा जमला. बायका आरशांचे घागरे घालून आल्या. नाक्यावरूनही माणसं आली, लेकरं घेऊन.

दु. १२
रस्ते खराब आहेत.

दु. ४
शितल तिकडे लेकरांना रांगेत उभं करून लाथा मारायला शिकवतेय. इथे माझा जीव टांगणीला आणि हिला खेळ सुचतो.

संध्या. ६
नायक उठले. म्हणाले, "माझ्यासमोर गूळ खाऊन माणूस फिरला, असं आजवर झालं न्हाई." पंच बसले. सरांना पाच नारळांचा दंड ठोठावला. सर हजर नसल्याने तो मी भरायचा. क्लासला सातच पोरी, हेही निघालं. दसऱ्याची वाट कशाला, हॉल उद्यापासूनच सोयाबीनला. नायकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
आई म्हणाली, "जेव आधी." जेवले नाही. चूक माझी नाही. यंत्रणेची आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
दोन दिवस घराबाहेर पडले नाही. आज संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागून आरडाओरडा ऐकू आला. गेले. उघड्यावर, मुरमावर, शितल क्लास घेत होती. मोजल्या. एकोणीस. परवा शूटिंग बघायला आलेल्या, त्यातल्याच बऱ्याच. कोणीही महाडकर सरांबद्दल विचारलं नाही.
मी म्हटलं, शाब्बास शितल, आता मी घेते पुढे. शितल लाजली. मग म्हणाली, "ताई, रागावू नका. पण तुमी आज मागच्या लायनीत राहा. महिनाभर सुटलं ना, तुमचा पाय कमरेच्या वर जाऊन न्हाई राहिला."
दिग्दर्शकाने अधूनमधून मागून बघायलाच हवं, म्हणून मी मागे उभी राहिले.
शेजारी जाहेदा होती, नाक्यावरच्या कय्युमभाईंची, दुसरीतली. कालच क्लासला आली आहे. तिने माझा हात धरला, बोटं उलगडली आणि मूठ पुन्हा नीट मिटवून दिली.
अंगठा बाहेर ठेवायचा, म्हणाली. नाहीतर आपल्यालाच लागतं.