गप्प बसण्याचा हक्क

चि. भाचेराव वकीलसाहेब यांस,

वयानं आशीर्वाद आणि तुझ्या काळ्या कोटाला नमस्कार. दोन्हीतलं जे चालेल ते घे. इकडे आम्ही सुखरूप. तुझी मामी ठणठणीत आहे, आणि शिंका सोडल्या तर माझीही काही तक्रार नाही. ताई गुडघ्याला तेल वेळेवर लावते का? (नसेल लावत. माझीच बहीण आहे, मी ओळखून आहे.) तुझे कल्ले कितपत वाढलेत तेही कळव. आता मुद्द्याचं सांगतो. परवा माझं गाडीचं लायसन्स जाता जाता राहिलं, आणि ते घालवण्यात तुझा मोठा हात होता.

मागच्या खेपेला माझ्या खुर्चीत केस कापून घेताना तू मला कायदा शिकवलास. हल्ली पोलीस गाड्या थांबवून ड्रायव्हर नशापाणी करून आलाय का ते बघतात, तेव्हा काय करायचं. लायसन्स दाखवायचं, बाकी तोंड उघडायचं नाही. पिशवी तपासायला आपणहून परवानगी द्यायची नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून सरळ चालून दाखवा, एका पायावर उभे राहा म्हणाले, तर नम्रपणे नको म्हणायचं. तो आपला हक्क. मी सगळं मनावर कोरून ठेवलं. पुढेही तू काहीतरी सांगत होतास, पण तेवढ्यात मी मानेवर मशीन घेतलं, तुझी हनुवटी छातीला टेकवली आणि समोरच्या नव्या सलूनबद्दल बोलायला लागलो. (त्यांनी म्हणे लाल खुर्च्या आणल्यात. केस काय खुर्ची कापते?) त्यामुळे तुझ्या सल्ल्याचा उत्तरार्ध तुझ्या अंगावरच्या कापडातच राहिला.

परवा सकाळी मी उस्तादांकडे निघालो होतो. ज्यांच्या हाताखाली मी कात्री धरायला शिकलो, ते. आता अंथरुणाला खिळलेत आणि माझ्याखेरीज कुणाला गालाला हात लावू देत नाहीत. राहतात गावाबाहेर, तिकडे बस जात नाही. म्हणजे माझं लायसन्स गेलं की त्यांची दाढी वाढलीच म्हणून समज. निघताना पावडरचा डबा शेजारच्या सीटवर ठेवला, तो झाकण न लावता. (मामी म्हणते मी बोलण्यात गुंग होतो. घरात ती नव्हती, मग मी बोलत कुणाशी होतो हे मात्र तिला सांगता येत नाही.) पहिल्याच वळणावर डबा उलटला, पावडर उडाली, मला शिंकांवर शिंका सुरू झाल्या आणि गाडी या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्ता झाडत निघाली. पुढच्या चौकात पोलीस. आता तूच वकिलाच्या नजरेनं बघ: गाडी नागमोडी, डोळे लालभडक, मांडीवर पांढरी पूड आणि पिशवीत वस्तरा.

खिडकीशी आले ते फौजदारसाहेब माझं जुनं गिऱ्हाईक. एरवी मी त्यांच्या जावयाची चौकशी करून त्यांना बेजार केलं असतं. पण तुझा सल्ला! लायसन्स पुढे केलं आणि ओठ शिवले. कुठे निघालात? मी गप्प. ही पूड कसली? गप्प. पिशवी बघू का? मानेनंच नाही. चालून दाखवता का? पुन्हा मानेनंच नाही. साहेबांचा चेहरा उतरला, संशयानं नव्हे रे, काळजीनं. जोडीदाराला बाजूला घेऊन म्हणाले (मला स्पष्ट ऐकू आलं), "अरे, हा माणूस माझी दाढी करताना श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही. आज चकार शब्द नाही. यानं नक्की काहीतरी जबरदस्त घेतलंय." इतरांची जीभ अडखळली तर पोलिसांना संशय येतो; माझी नुसती थांबली आणि पुरावा झाला.

मग लाळ तपासायची कांडी आली. मी तिलाही नकार दिला. तेव्हा साहेबांनी समजावलं की गप्प बसणं तुमचा हक्क, रस्त्यावरची कवायत नाकारणं हाही हक्क, पण ही चाचणी नाकारलीत तर लायसन्स जागच्या जागी जप्त. हाच तो तुझा उत्तरार्ध! उस्तादांचे खुंट वाढलेले गाल डोळ्यांपुढे आले. तोंड उघडावं तर तुझा सल्ला मोडतो, न उघडावं तर लायसन्स जातं. मी घामाघूम, पण तोंड मिटलेलंच. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, टोपी काढली आणि सहज म्हणाले, "या वेळी म्हटलं, त्या समोरच्या सलूनमध्ये जाऊन बघावं. छान कापतात हं."

भाचेराव, मी बोललो. सुरुवात त्यांच्या डोक्यापासून केली (डावा कल्ला वर, उजवा खाली), मग शिंका, पावडर, उस्ताद, तू, तुझी वकिली, सगळं आलं. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले, मी थांबलो नाही. शेवटी जोडीदारच म्हणाला, साहेब, हा पूर्ण शुद्धीवर आहे, पण आता याला आवरा. नियम तो नियम म्हणून मी कांडी तोंडात घेतली (तेवढाच काय तो त्यांना विसावा). काही निघालं नाही आणि लायसन्स परत हातात आलं. उस्तादांची दाढी झाली. किस्सा ऐकून ते इतके हसले की मला सारखा वस्तरा उचलून धरावा लागला. त्यांना असं हसताना बघून मला फार बरं वाटलं.

तुझा सल्ला सोळा आणे खरा, साहेबही तेच म्हणाले. फक्त तो द्यायच्या आधी अशील कोण आहे ते बघत जा. ताईला नमस्कार.

तुझा, तूर्त लायसन्स शाबूत असलेला,
मामा

ता.क. मामी म्हणते, ज्यासाठी पत्र लिहायला बसलात तेच राहिलं. बोलण्याच्या भरात मी साहेबांजवळ तुझं कौतुक केलं. म्हटलं, आमचा भाचा कामात इतका बुडालेला असतो की स्वतःच्या लायसन्सची मुदत कधीच संपली तरी नवं करायला त्याला सवड नाही, बिचारा तसाच रोज गाडी चालवत कोर्टात जातो. साहेबांनी गाडीचा रंग विचारला. मी नंबरही सांगितला.

आणखी एक. त्यांनी उद्यापासून कोर्टाच्या रस्त्यावर ड्युटी मागून घेतली आहे, तेव्हा लायसन्स नवं होईपर्यंत कृपा करून बसनं जा. आणि गाडी घेऊन निघालासच आणि त्यांनी थांबवलंच, तर खुशाल गप्प बस. तुझ्याबद्दल सांगण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही.