पट्ट्याखालचं तेल

सिंदेवाही, सोमवार संध्याकाळ. थंडी फार.

बाबा आज ट्रेडमिलवर पडले. गुडघा सोलला, पण ते काही नाही. उठवायला गेले तर म्हणाले, "माहे पायच गेले पोरी. आता मले चालाले नको लावू."

पाय नाही गेले. पट्टा मधेच अडला. आणि तो माझ्यामुळे अडला.

पट्टा काल कुरकुरत होता. मशीनसोबत आलेली तेलाची बाटली संपलेली. म्हटलं, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं तेल आहे ना घरात! आई बंडीच्या चाकापासून स्वतःच्या टाचांपर्यंत तेच लावायची. पट्टा उचलून खालच्या फळीवर वाटीभर ओतलं. हे तेल थंडीत थिजतं. दर हिवाळ्यात बाटली उन्हात मीच ठेवते. मग अक्कल कुठे गेली होती माझी?

आज पट्ट्याखाली बोट घातलं तर तुपासारखा थर. सगळा पुसला. हातांचा वास जात नाही.

नहराच्या रस्त्यावर वाघ फिरतो, म्हणून तर मशीन घेतली. लकव्यानंतर तीन महिन्यांत काठी सुटली होती त्यांची.

"बाबा, पट्टा अडकला होता," एवढं म्हटलं मी.

"काऊन माहं मन राखून राह्यली?"

तेव्हाच तेलाचं सांगायचं होतं. इतकी कशी भित्री मी?

मग त्यांनी काठी मागितली. मी ती हातात देताना ते थांबले, वास घेतला.

"आज भाजी टोरीच्या तेलात केली काय वं?"

मी हो म्हटलं.