विंगेतून सांगितलेलं वाक्य

बाबा,

काल मंडळाच्या नाटकाला तुमच्या जागेवर, प्रॉम्प्टर म्हणून, मी बसली होती. आपल्या तात्यापारा मोहल्ल्यातला तोच हॉल, तीच विंग, मांडीवर संहिता. नाटक तुमच्या नातीनं, माझ्या मुलीनं लिहिलं. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. हिंदी मुलखात वाढलेली, मी मराठीत हाक मारली की हिंदीत ओ देणारी पोट्टी, तिनं दोन अंकी मराठी नाटक लिहिलं. छाती फुगून राहिली आहे माझी, खोटं काहून बोलू?

नाटक तिच्याच घरचं. नवरा घानाचा, सिलतऱ्याच्या कारखान्यात इंजिनिअर, पहिलं बाळ, आणि उठता-बसता सल्ले देणारी आजी. नवऱ्याचं काम जावयानंच केलं, महिनाभर मराठी घोकून, अन् बायकोचं मुलीनं. आजी शेजारच्या वहिनी झाल्या, पण ती आजी म्हणजे मीच, हे मले पहिल्या तालमीतच समजलं. बाळंतपणात मी बाळाला रोज अंघोळीआधी बेसन अन् मलई चोळत होती. काहून, असं मुलीनं एकदा विचारलं. मी सांगितलं. ती उठून आत गेली, अन् पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या अंकात अंघोळीचा प्रवेश येतो आणि वहिनी अडकतात. मांडीवर बाहुली, हातात बेसनाची वाटी, अन् वाक्य गायब. लहानपणी मी घाईनं वाक्य सांगितलं म्हणून तुम्ही रागावला होतात, "नट थांबला म्हणजे विसरला असं नसते, त्याचे डोळे पाह्य." मी डोळे पाहिले. वहिनी खरंच विसरल्या होत्या. मी सांगितलं, "थोडं चोळते, रंग उजळते." आवाज जरा मोठाच निघाला. वहिनी तेच बोलल्या. जावई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग बाहुली उचलून म्हणाला, "राहू द्या आई. हा रंग माझा आहे." मुलीनं टॉवेल पुढे केला. जावयाच्या उच्चारावरून नाक मुरडणारे मंडळातले म्हातारेही टाळ्या वाजवत उभे राहिले. बाबा, तुम्ही पाहायला पाहिजे होतं त्या दोघांना.

नंतर सगळे मुलीला सांगत होते, काय वाक्य लिहिलं. ती माझा हात धरून उभी होती. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाले सांगते. संहितेत होतं, "थोडं चोळते, कातडी मऊ होते." पोट्टीनं माझी लाज राखली होती. वाक्य मी बदललं.