डाव्या दांड्यावरचा जोर

२ सप्टेंबर, सिगुल्दा
आजपासून आमच्या बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या, दांड्यांत सेन्सर. स्टार्टला चौघांपैकी कोण किती जोर लावतो, ते आकड्यांत दिसणार. इंजिनिअर सानिता म्हणून आहे, हसत नाही. मी अकरा वर्षं डावा दांडा ढकलतोय. बाकीचे तिघे बिचारे उघडे पडणार. त्यांना सांभाळून घ्यायचं ठरवलं.

५ सप्टेंबर
सरावाच्या रुळांवर सहा स्टार्ट. पहिली पाच पावलं माझा आकडा दुसरा. पुढे उणे. सानिता म्हणाली, अग्रिस, तिथून पुढे तू ढकलत नाहीयेस, लटकतोयस. सेन्सर उलटा बसलाय, उघड आहे. सौम्य शब्दांत सांगितलं.

६ सप्टेंबर
सेन्सर सुलटा आहे.

९ सप्टेंबर
उजव्या दांड्यावर गेलो. उणे सोबत आलं. नाश्त्याचा राय धान्याचा काळा पाव नडतोय. बंद. उद्यापासून सकाळी टेकडीवर धावणे.

१० सप्टेंबर
धुकं. धुक्यात धावणं फुप्फुसांना वाईट.

१४ सप्टेंबर
नवे बूट. उणे एकोणीस किलो. आमचा पायलट एडव्हीन म्हणाला, म्हातारबा, फुकट फिरायचंय तर बसच्या मागे लटक की! सगळे हसले. टीममध्ये खेळीमेळी आहे ती माझ्यामुळेच. घरी बायकोला, लास्माला म्हटलं, आकडे इंटरेस्टिंग आहेत. ती म्हणाली, तुझं वय अडतीस, हा पण आकडाच आहे.

१८ सप्टेंबर
हिवाळ्याची टीम शुक्रवारी ठरणार. कोचना समजावलं, माझं खरं काम ताल धरणं, ते सेन्सरला कळत नाही. सानिता म्हणाली, मोजता येईल. हुशार मुलगी.

२० सप्टेंबर
मला बाजूला उभं करून तिघांनी ढकललं. वेळ चार शतांश सेकंदांनी कमी. मी कडेला उभा राहून ओरडत होतो, त्याचा परिणाम. कोचना तसं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
यादी लागली. नाव नाही.
सानिताला म्हटलं, एकदा अजून मोज. तिनं बॅगेतून लॅपटॉप परत काढला. तिघे आपापल्या जागी उभे राहिले. पंचविसाव्या मीटरला मी हात सोडले. ते उड्या मारून आत बसले, स्ले पुढे गेली.
आलेख पाहिला. उणे नाही. शून्य.
लास्माला फोन केला, सुधारणा आहे म्हटलं. तिनं विचारलं, घरी कधी येतोस?
म्हटलं, आता रोज वेळेवर.