आमेनच्या आधी

३ मार्च

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

बाबांचा जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. जिवाला धोका नाही. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने बांधलेत. सहा आठवडे नळीने पातळ तेवढंच घ्यायचं. सहा आठवडे गप्प बसलेला तुझा भाऊ पाहायला तू यावंस, असं आई म्हणाली. हसली मात्र नाही.

घडलं ते क्रमाने लिहिते. काल चर्चमागच्या हॉलमध्ये रविवारचं मोफत जेवण होतं. कारखाना बंद पडल्यापासून रांग तिप्पट झाली आहे. मी सूपच्या मोठ्या भांड्याला वाफेचा नवा व्हॉल्व्ह बसवायला गेले होते. बाबांनी आभाराची प्रार्थना सुरू केली. आजोबांची, तीच लांब: पेरणारा, दळणारा, भाजणारा, कोणालाही न वगळता. दोनशे माणसं पावासमोर उभी. नवव्या मिनिटाला (भांड्याचा टायमर माझ्यासमोर होता) एका उंच माणसाने पावाला हात घातला. बाबांनी डोळे न उघडता त्याचं मनगट धरलं आणि पिरगळलं. प्रार्थना थांबवली नाही. मनगट सुटेना, तेव्हा त्याने मोकळ्या हाताने सूप ढवळायचा लोखंडी डाव उचलून बाबांच्या तोंडावर मारला. तीनदा. दुसऱ्या फटक्याला हाड मोडलं. तो आवाज मी ऐकला. मग रांग फुटली. बाकं उलटली, उकळत्या सूपचं भांडं कलंडलं, एका बाईची पोटरी भाजून सोलून निघाली. लोक जमिनीवरचे रक्ताने भिजलेले पाव उचलून खात होते.

चर्चवाल्यांचे डोळे मिटलेले होते, रांगेतल्यांचे पावावर. पिरगळलेलं मनगट फक्त मी पाहिलं. सांगितलं तर बाबांची अब्रू जाईल. नाही सांगितलं तर तो माणूस खुनाच्या प्रयत्नाखाली कित्येक वर्षं आत जाईल. बारा तारखेला माझा जबाब आहे. तू त्यांची मोठी बहीण. काय करू, ते उलट टपाली कळव.

तुझी,
फूटपट्टी


७ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

मिनिटं मोजलीस, बापाला टाके किती पडले ते नाही लिहिलंस. फूटपट्टी हे नाव उगाच नाही ठेवलं. गुडघे साथ देत नाहीत, नाहीतर पत्राऐवजी मीच आले असते.

माझं उजव्या हाताचं वाकडं बोट तू लहानपणापासून पाहतेस. दारात सापडलं, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. खरं असं, की मी नऊ वर्षांची होते, तुझा बाप सहाचा. आदल्या दिवसापासून घरात चूल पेटली नव्हती. तुझे आजोबा प्रार्थना करत होते. दळणाऱ्यापर्यंत आले आणि मी पावाचा तुकडा मोडला. त्यांनी डोळे न उघडता माझं बोट धरलं आणि मागे वाकवलं. मोडलं तरी आमेनपर्यंत सोडलं नाही. मग सगळ्यांना वाढलं, मलाही. मला गिळवेना. तुझ्या बापाने स्वतःचा पाव टेबलाखालून माझ्या मांडीवर ठेवला. नंतर खा, म्हणाला.

भुकेल्यांना वाढायचं वेड त्याला कुठून लागलं, ते मला ठाऊक आहे. पिरगळणं कुठून आलं, तेही.

हे पत्र त्याला वाचून दाखव. वर एक शब्द बोलू नकोस. मग पाहिलंस तेच सांग. अब्रूपायी या घराने एक बोट घालवलं, आता माणूस नको.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

टाके चौदा.

पत्र वाचून दाखवलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. तासाभराने पाटी मागितली. लिहिलं: सांग. पुसलं, आणि पुन्हा लिहिलं: मीही सांगतो. दोघांचेही जबाब झाले. खुनाच्या प्रयत्नाचं कलम गेलं, मारहाणीचं राहिलं. तो जामिनावर आहे. चर्चच्या सेक्रेटरींनी बाबांशी बोलणं टाकलंय. बोलले असते तरी बाबा उत्तर देऊ शकले नसते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

बाबांचं वजन नऊ किलो उतरलं. गरम पावाचा वास आला की ते बाक दोन्ही हातांनी धरतात. भूक काय असते ते त्यांना कळलं, असं मी म्हणणार नाही. त्यांची नळी वेळेवर येते.

रविवारी हॉल पुन्हा उघडला. आधी वाढलं. उंच माणूस दाराशी उभा राहिला, मनगटाला अजून पट्टी. बाबांनी त्याच्यापुढे वाटी आणि पाव ठेवला, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. तो खाऊन होईपर्यंत सोडले नाहीत. सगळ्या वाट्या रिकाम्या झाल्यावर पाटी वर केली: प्रभू, पोटं भरली, आभार. लोक आमेन म्हणाले. चार सेकंद.

पोटरी भाजलेली बाई आली नाही. तिला पाठवलेला डबा तिने पायऱ्यांवर आपटला. पुन्हा पाठवू.

तेरा तारखेला तारा निघतील. पहिला घास पावाचा हवा आणि तो ताईने मोडलेला, असं पाटीवर आहे. दोन दिवस झाले, ते पुसू देत नाहीत. गाडी घेऊन येते, गुडघ्यांची सबब चालणार नाही. पाव तुझ्या उजव्या हाताशी ठेवू. आमेनची वाट पाहू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
फूटपट्टी