टायरवरची चीर

मंगळवार, संध्याकाळ. मेहरूण, जळगाव

आज टेकऑफसाठी विमान धावपट्टीवर पळवताना डावा टायर फुटला. विमान डावीकडे ओढलं जायला लागलं. मी पॉवर काढली, उजवं पेडल दाबून धरलं, आणि आम्ही अगदी गवताच्या कडेला थांबलो. शेजारी बसलेले सर म्हणाले, "शाब्बास, शिकवलं तसंच केलंस."

पण सकाळच्या तपासणीत मला त्याच टायरवर बोटभर चीर दिसली होती. मी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि पुढे गेले. सांगितलं असतं तर आजचं उड्डाण रद्द झालं असतं, आणि आठवड्याने कुठे माझा नंबर लागला होता. एवढंच कारण? हो, एवढंच.

दुपारी सरांनी विचारलं, "तपासलास तेव्हा टायर नीट होता ना?" मी हो म्हणाले. मग सगळं आबांवर, आमच्या पारोळ्याच्या म्हाताऱ्या मेकॅनिकवर आलं. उद्यापासून येऊ नका, म्हणून सांगितलंय त्यांना.

आत्ता त्यांचाच फोन आला. ते म्हणाले, "बेटा, तुले कोठे लागनं नही ना?"

अंगठ्याला ती चीर अजून जाणवतेय. उद्या सरांना खरं सांगेन, असं लिहायलाच वही उघडली होती. नाही सांगणार. मी कशी आहे ते मला माहीत आहे.